नऊ वाजताची हजेरी

समीर,

तुला पौडच्या कब्रस्तानात ठेवून आल्यानंतर चोवीस दिवस तू रोज सकाळी हजर होतास.

पहिल्या सकाळी काय झालं ते ऐक. नेऱ्यातल्या आपल्या ऑफिसात, म्हणजे त्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आम्ही सातजण नुसते बसलो होतो. काम करायला कुणी आलं नव्हतं, घरी बसवेना म्हणून आलो होतो. नऊ वाजून दोन मिनिटांनी सातही फोन एकदम वाजले. ग्रुपवर रोज आपोआप येतो तो संदेश होता. 'समीर हजर आहे.'

गौरवने आपला फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग बाकीच्यांनी एकेक करून तसंच केलं. मी लॅपटॉप उघडून बघितलं. सही तुझीच होती. दुसऱ्या कुणाची सही तुझ्या नावावर नेटवर्क घेतच नाही, तो भाग आपण दोघांनीच लिहिलाय. भिंतीवरच्या स्क्रीनवर तुझ्या नावापुढचा ठिपका हिरवा होता, माझ्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून चार मिनिटं. तिसऱ्या दिवशी नऊ वाजून एक.

मला हे सगळं आता लोकांना समजावून सांगावं लागतं. पूर्वी तसं नव्हतं. मीटिंगमध्ये मी माझं म्हणणं टाइप करून तुला पाठवायचे आणि तू खुर्ची मागे रेटून म्हणायचास, "आमच्या मॅडमचं म्हणणं असं हाय." मग माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडायचास, आणि ते संपलं की स्वतःच त्याला विरोध करायचास. ते काम आता माझ्यावर आलंय. तुझ्यावर सराव करते. तुला माहीत असलेलं पुन्हा सांगितलं तर चालवून घे.

आपलं नाणं, म्हणजे आपली क्रिप्टोकरन्सी, लहान. बाजारात त्याचं नाव फार कुणी काढत नाही. पण त्याच्या नेटवर्कवर करार चालतात, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कोडमध्ये लिहिलेले आणि ठरलेली अट पुरी झाली की स्वतःच अमलात येणारे करार. पिरंगुटच्या कारखान्यांत माल आणणारे टेम्पोवाले ते वापरायला लागले. माल उतरला, दोन्ही बाजूंनी फोनवर होकार दिला, नेटवर्कने तो नोंदवला, की गेट उघडतं आणि टेम्पो बाहेर. कुठल्या साहेबाच्या सहीसाठी थांबायचं नाही. लोकांना ते आवडलं आणि तिथेच आपण अडकलो. आपल्या नेटवर्कवर प्रत्येक मशीन, म्हणजे लोकांनी जोडलेला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक करार स्वतः चालवून बघतं. वीस टेम्पो होते तेव्हा हे ठीक होतं. आता सकाळी इतके होकार एकदम येतात की शेवटचा नोंदवायला दुपार होते.

तू हे गौरवला कसं सांगितलं होतंस ते मला अजून ऐकू येतं. "समज, पौडात कुणी गादी घेतली, तर गावातल्या परत्येक घरानं ती उसवायची, कापूस काढायचा, वजन करायचं, पुन्हा भरायची. हे चाललंय आपलं." तुझ्या अब्बांचं गाद्यांचं दुकान असल्यामुळे तुझ्याकडे दुसरं उदाहरणच नसायचं. माझी नवी रचना तू त्याच भाषेत समजावलीस. करार बाजूच्या एका जागी चालवायचे, हजारभर एकत्र भरायचे, वरून शिवायचे, आणि मुख्य नेटवर्कवर फक्त ती शिवलेली गादी ठेवायची. "पण अब्बा एक टाका मोकळा सोडत्यात," तू म्हणालास. "ज्याला शंका हाय त्यानं बोट घालून कापूस बघावा. मंग शेवटचा टाका." ती माझ्या रचनेतली शंका घेण्याची मुदत. किती वेळ टाका मोकळा ठेवायचा यावर आपलं ऑफिसात भांडण झालं, आणि मग पुन्हा एकदा फोनवर. मी म्हणत होते एक दिवस. तू म्हणत होतास सात.

"सात दिवस फार होतात, समीर."

"ताम्हिणीत रेंज न्हाई. तितल्या माणसाला शंका आली तर त्यानं खाली कवा यायचं, कवा सांगायचं? तुज्या नेऱ्याच्या टॉवरवरनं सगळं जग रेंजमदी दिसतं."

मी चिडून फोन ठेवला होता. आपलं शेवटचं बोलणं ते.

रचना तयार होती. मुख्य नेटवर्कवर ती चढवायला फक्त तुझ्या किल्लीची सही हवी होती, कारण नियम बदलायची किल्ली एकट्या तुझ्याकडे होती. त्यावरूनही आपण भांडलोच होतो. मी म्हणायचे, किल्ली पाच जणांत वाटू. तू म्हणायचास, पाच जणांचं एकमत झालेलं तू कधी पाहिलंयस का? त्याऐवजी तू एक करार लिहिलास. तू रोज हजेरी लावायची, तिची सही वेगळी, तिनं नियम बदलता येत नाहीत. चाळीस दिवस हजेरी आली नाही, तर किल्ली आपोआप माझ्याकडे.

"आणि तुझी हजेरी दुसऱ्या कुणी लावली तर?" मी विचारलं होतं.

"माझी? शाळेत कदी कुणी लावली न्हाई, मॅडम."

म्हणजे आता असं झालं होतं. तुझं काम पुढे न्यायला तू गेलेला असणं गरजेचं होतं, आणि नेटवर्कच्या हिशोबी तू गेलेला नव्हतास. रोज सकाळी चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते.

गौरव म्हणाला, की तुझी सही चोरली कुणीतरी. मग म्हणाला, सगळ्या मशीनवाल्यांना विचारून नियमच बदलू, समीर मृत असं जाहीर करू. मी नको म्हटलं. हातानं नियम बदलणार नाही, असं तूच लोकांना सांगून नेटवर्कवर आणलं होतंस. एकदा बदलला की त्यांनी आपल्यावर भरवसा का ठेवायचा? हे मी स्वतःच्या तोंडानं बोलले. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पाण्याची बाटली उघडून बराच वेळ पाणी पीत बसले.

"मग तू जाऊन बघ," गौरव म्हणाला. "तुझं त्यांच्याकडे जाणंयेणं आहे."

तीनदा आले होते मी तुमच्याकडे. दफनाच्या दिवशी चौथ्यांदा, पण तेव्हा बायकांमध्ये बसले होते आणि अम्मींशी बोलले नव्हते.

सतराव्या दिवशी स्कूटर काढली. माणच्या पुढे घोटवड्यापर्यंत इतकं धुकं होतं, की पुढच्या ट्रॉलीतला ऊस तेवढा दिसत होता, ट्रॅक्टर दिसत नव्हता. पौडला पोचले तेव्हा नऊला दहा कमी होते. दुकानाचं शटर अर्धं वर. पिंजायचं मशीन बंद. थंडीत तुमच्याकडे किती गर्दी असते ते मला माहीत आहे, पण अब्बा एकटेच एक रिकामी खोळ मांडीवर घेऊन बसले होते. हवेत कापूस तरंगत होता. मशीन बंद होऊन सतरा दिवस झाले होते, पंखा नव्हता, वारा नव्हता, आणि तो कापूस खाली बसत नव्हता.

अम्मींनी मला मागच्या खोलीत नेलं, चहा दिला. मी काय विचारायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात कपाटातून तू बोललास.

"अम्मी, नऊ वाजले. हिरवं दाब."

मी कप खाली ठेवला आणि कपाटाकडे वळून बघितलं. अम्मी उठल्या, पदराला हात पुसले, कपाट उघडलं, चादरींच्या घडीतून तुझा जुना फोन काढला आणि स्क्रीनवरचं मोठं हिरवं बटण अंगठ्यानं दाबलं. माझ्या खिशात माझा फोन थरथरला. बघायची गरज नव्हती.

"दचकलीस व्हय, बेटा?" अम्मी म्हणाल्या. "मयतीला आल्याली मान्सं बी दचकली."

दारातून अब्बांनी सांगितलं, "दुसऱ्या दिशी सकाळी घर भरल्यालं. कुणी रडत हुतं, कुणी कुराण वाचत हुतं. आन कपाटातनं ह्याचा आवाज. सगळी गप झाली. माजा भाव तर चप्पल न घालता भायेर गेला. ही मातूर उठली आन दाबून आली."

"मंग? त्यानं सांगितल्यालं हाय," अम्मी म्हणाल्या. "ताम्हिणीला ढाब्यावर गाद्या पोचवायला जायचा तवा तितं रेंज न्हाई. म्हनला, अम्मी, मी नसलो की हे दाबत जा. फोन हाक मारंल. आता तो न्हाई. तर म्या दाबतीया."

शेवटच्या दिवशीही तू ताम्हिणीलाच गेला होतास. घाटातल्या त्या वळणाबद्दल, त्या अपघाताबद्दल मी काही लिहिणार नाही.

किती मशीनवर किती हल्ले होऊ शकतात याची आपण यादी केली होती. तीन पानं. कोण किल्ली चोरेल, कोण सहीची नक्कल करेल, कोण कुणाला फितवेल. एक आई सांगितलेलं काम सोडणार नाही, हे दोघांनाही सुचलं नाही. कधी थांबायचं ते तू तिला सांगितलंच नव्हतंस.

"तुमच्या ऑफिसात कळतं का गं ते? म्या दाबलं की?" त्यांनी विचारलं.

"कळतं."

"काय कळतं?"

मी विचार न करता बोलले. "समीर हजर आहे, असं येतं."

अम्मींनी अब्बांकडे बघितलं. "बगा," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनत हुता, काय उपेग." आणि मला आणखी चहा ओतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याच्यानंतर मला काही विचारता आलं नाही. चहा संपवून निघाले.

येताना पिरंगुटला एका कारखान्याच्या गेटपाशी थांबले. आत टेम्पोंची रांग. एक ड्रायव्हर बोनेटवर पेपर पसरून शेंगा सोलत होता. मी कंपनीतली आहे म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, तुमचा होकार आज यायचा का उद्या? न्हाई म्हंजे जेवन आनतो हितंच." शेजारचा म्हणाला, "मेव्हन्याचं लगीन हाय परवा, निमंत्रण बी तुमच्या नेटवर्कवर टाका, पोचंल बारशाला." ते हसले. मीही हसले. मग दुसरा हसू आवरून म्हणाला, की मालक पुढच्या महिन्यापासून परत कागदावर जाणार आहेत. ते गेले की बाकीचे जातील. मग तुझ्या नेटवर्कवर उरेल फक्त रोजची एक हजेरी.

गौरव म्हणाला, "ऑफिसचा फोन म्हणून मागून घे ना. तो ऑफिसचाच आहे." मी नाही म्हटलं. पण मी दुसरंही काही केलं नाही. आणखी सात दिवस तो संदेश येऊ दिला. तुला खरं सांगते, त्या दिवसांत मी नऊ वाजायची वाट बघायचे. गॅलरीत उभी राहायचे, फोन हातात. नऊ वाजून तीन मिनिटं झाली आणि आला नाही तर ग्रुप पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. आला की बरं वाटायचं. मला सगळं माहीत होतं, अंगठा कुणाचा तेही माहीत होतं, तरी बरं वाटायचं. एकदा मी त्याला उत्तरही टाइप केलं. पाठवलं नाही.

चोविसाव्या दिवशी परत गेले. अकरा वाजले होते, त्या दिवसाची हजेरी लागून गेली होती.

"अम्मी, हे बटण दाबणं थांबवावं लागेल."

"का? चुकतंय का माजं?"

"नाही. पण तुम्ही दाबता तोवर त्याचं काम माझ्याकडे येत नाही."

"त्याचं काम तू करनार?"

"हो."

"मंग तो काय करंल?"

अब्बा खोकले. "तिला इच्यारू नगंस तसलं," ते म्हणाले.

मी त्यांना टेम्पोवाल्यांचं सांगितलं. नवी रचना गादीच्या उदाहरणानं सांगितली, तुझ्या शब्दांत. मोकळ्या टाक्याचं आलं तेव्हा अब्बांनी मान हलवली. अम्मी ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "न्हाई दाबलं की काय हुतं? लगी जातो?"

"लगेच नाही. चाळीस दिवस तसंच राहतं. मग त्याच्या नावापुढचा दिवा जातो."

"चाळीस?" त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होत्या. "चाळीस त्यानं ठेवलं?"

"त्यानंच."

"त्याची दादी म्हनायची, चाळीस दिस मानूस उंबऱ्यापाशी येत ऱ्हातं. म्हनून त्या दिशी फातिया पढायचा, दुवा मागायची, जेवन घालायचं, आन त्याला म्हनायचं, जा आता. हा हसायचा तिला." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "आमचे चाळीस त्याच्या दिसापासनं. तुमचे आजपासनं. म्हंजी आमच्याकडनं गेला तरी तुमच्याकडं ऱ्हाईल थोडा."

"हो. चोवीस दिवस जास्त."

"ऱ्हाऊ दे मंग," त्या म्हणाल्या. उठून कपाटातून फोन आणला आणि माझ्या हातात दिला. "घिऊन जा. हितं हाक मारली तर माजं बोट जाईल."

पंचविसाव्या सकाळी तो फोन माझ्या टेबलावर होता. नऊला तू हाक मारलीस. मी हात मांडीखाली घेऊन बसले. नऊ वाजून दहा मिनिटांनी तू पुन्हा बोललास. हे अपेक्षित नव्हतं. "अम्मी, दाबलंस का? इसरलीस?" आवाजात हसू होतं. खोलीत मी एकटी होते, दार बंद होतं, आणि तू विसरलीस का म्हणून विचारत होतास.

साडेनऊला तिसऱ्यांदा.

"असू दे अम्मी. कामात असशील. न्हाई दाबलं तरी काय हुत न्हाई. मी आलो की बघतो."

तुझ्या आवाजाच्या मागे कुणीतरी बारीक आवाजात बोलत होतं. मी फोन कानाला लावेपर्यंत संपलं. ऑफिसात बसून रेकॉर्ड केलं असशील. दुसऱ्या दिवशी नीट ऐकलं. 'सात दिवस फार होतात,' असं कुणी म्हणत होतं. तो आवाज माझा होता.

मी मुदत सात दिवसांची केली आहे, समीर. कोडमध्ये लिहून टाकलं. तुझं बरोबर होतं, आणि हे मी तू असताना म्हणायला हवं होतं. किल्ली आली की पहिलं काम तिचे पाच वाटे करायचं. तिथे माझं बरोबर होतं. आणखीही एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ती इथेही लिहीत नाही.

आवाज नीट ऐकला म्हणाले, तो दुसरा दिवस, सव्विसावा. त्या सकाळी मी फोन घेऊन पौडला गेले होते. माझ्या लक्षात आलं होतं, की अम्मींनी तिसरी हाक कधी ऐकलेलीच नाही.

आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो. नऊला तू बोललास. अम्मींचा हात उचलला गेला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. नऊ दहाला पुन्हा बोललास तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाई रं इसरले." मग वीस मिनिटं थांबायचं होतं. बाहेर रस्त्यावर एसटी थांबली, गेली.

साडेनऊला तू म्हणालास, असू दे अम्मी.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "काय हुत न्हाई म्हनतोय," त्या अब्बांना म्हणाल्या, जणू अब्बांना ऐकू आलं नव्हतं. मग, "म्या कदी थांबलेच न्हाई. हाक आली की दाबलं. थांबले असते तर पैल्याच दिशी ऐकलं असतं."

"पुन्यांदा लाव," थोड्या वेळानं म्हणाल्या.

"ते असं लागत नाही, अम्मी. उद्या साडेनऊलाच."

"मंग उद्या ये."

"येते."

"आन चाळीस झाल्यावं?"

तुझं ॲप तू नीट लिहिलंयस. किल्ली गेली की ते बंद पडतं, आवाजासकट. पण ती फाइल बाहेर काढायला मला दहा मिनिटं लागतील. मी तसं सांगितलं. म्हटलं, काढून तुमच्या फोनवर ठेवते, मग कधीही ऐकता येईल, रोज, पाहिजे तितक्यांदा.

अम्मींनी फोन पदरानं पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

"नगं," त्या म्हणाल्या. "रोज यायला लावायचं न्हाई त्याला. चाळीस लई झाले."

अजून अडतीस सकाळी आहेत. उद्या मी आठला निघेन.